आगोटीचा तांदूळ

१२ मे १९९७
कोठीची किल्ली आज माझ्याकडे आली. सासूबाईंनी (पुढे नुसतं सा.बा. लिहीन, हात दुखतो) कमरेची किल्ली सोडून माझ्यापुढे ठेवली, निवडायची भाजी ठेवावी तशी. डोळ्यांना आता दाण्यातला खडा दिसत नाही म्हणाल्या. मी उचलायला वाकले तर पुढचं आलंच.
"आगोट यंदा तू भर. गौरी जाईपर्यंत कोठीतला तांदूळ पुरव. नाय पुरला तर दोघींच्या दोन चुली मांडून देते, मंग बसा आपापलं शिजवत."
दोघी म्हणजे मी आणि धाकटी जाऊ सुमन. भावजींचं लग्न होऊन जेमतेम तीन महिने. पोर वैशाखरे गावची, घाटाखालची, अजून कुणाच्या नजरेला नजर देत नाही.
दोन चुली मला नकोत. सापगावला माझ्या माहेरी काकांची चूल वेगळी झाली, तेव्हा आई आणि काकी एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून वर्षभर एकमेकींच्या फोडणीचा वास घेत होत्या. बोलल्या नाहीत. आणि हिशोबानंही परवडायचं नाही. तांदूळ भावजींच्या शेतातला, तेल-मीठ-डाळ ह्यांच्या पगारातली. फोडलं तर एकाकडे नुसता भात, एकाकडे नुसतं वरण.

१९ मे
आगोटीचा बाजार केला, मुरबाडला. मी, सुमन, कडेवर माझा धाकटा पिंट्या. मनी आणि संजू, थोरली दोघं, सा.बां.कडे. पावसाचे चार महिने निघतील एवढं एका खेपेत आणायचं आणि परतीच्या एस.टी.त कंडक्टरशी भांडायचं, असा बेत असतो दरवर्षी.
मीठ, मिरच्या, हळकुंडं, कांद्याची माळ, कुळीथ भरपूर. तूरडाळीच्या गोणीपुढून मी ओळख नसल्यासारखी निघाले. मग परत आले, थोडी घेतली. पोरांना वरण लागतंच.
सुक्या मासळीच्या ओळीत गेलो आणि सुमन बोंबलांच्या ढिगाला बघून तिथेच बसली, ओकली. मी घाबरले. मासळीवाली घाबरली नाही. म्हणाली, "दिवस गेलेत तिला, कलत नाय का तुला? तीन पोरांची आय ना तू?" आणि खुशीनं थोडी सुकट जास्त घातली.
घरात एक तोंड वाढणार. आनंद झाला. लगेच तांदळाची काळजी झाली. माझं डोकं असंच.

३१ मे
भात भरडून आणलं. भावजी आणि हे दोघे गिरणीवर दिवसभर, वीज येत-जात होती. संध्याकाळी तांदूळ कोठीत ओतला, थराथरानं कडुनिंबाचा पाला. कोठी काठोकाठ. नुसतं बघत उभं राहावंसं वाटलं, राहिले.
सा.बा. काठी टेकत आल्या. कोठीच्या पत्र्याला आतून दिसणाऱ्या तीन वळ्या आहेत, त्यातल्या मधलीवर बोट ठेवून म्हणाल्या, ही वळी नागपंचमीला उघडी पडायची. आधी पडली तर समज, हात सैल आहे.

४ जुलै
आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू. घरची माणसं, वर लावायला आलेल्या बायका. शेतावर भात आणि सुकटीचं कालवण नेते दुपारी. नखांत चिखल, त्याच हातानं लिहितेय.
पिंट्याचा ताप उतरला. हुश्श. बाकी काय

१३ जुलै
काल सुमनचा भाऊ कमळू आला. दोन एस.ट्या बदलून, भिजून. बहिणीसाठी नाचणी आणि करवंदाचं लोणचं. सुमन काल पहिल्यांदा मोठ्यानं हसली, चुलीपाशी बसून दोघं त्यांच्या गावच्या कुणाची तरी नक्कल करत होती.
जेवला भरपूर. डोंगरातला पोर, इतका भिजत आलेला, जेवणारच. सा.बा. त्याच्या ताटाकडे बघत होत्या, मी सा.बां.कडे.
आज सकाळी गेला. जाताना पिशवी टम्म.

२७ जुलै
मधली वळी उघडी पडली.
नागपंचमी अजून लांब. पाला बाजूला करून पुन्हा बघितलं, वळी ती वळीच.
उंदीर नाही, पत्र्याला भोक नाही. पोरं ओढताण करत नाहीत. मी मापट्यानं मोजून काढते, सकाळचं एवढं, रात्रीचं एवढं. मग जातो कुठे?
आजपासून रात्री नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी. ह्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, हात चाटला, आणि म्हणाले, "हं, आता जेवायला वाढ." भात पोटात गेल्याशिवाय ह्या घरातल्या बाप्यांना जेवल्यासारखं वाटत नाही. थोडा वाढलाच. काय करणार.

३ ऑगस्ट
मी वाढत असताना सा.बा. ह्यांना म्हणाल्या, वैशाखऱ्याच्या पिशव्या रिकाम्या येतात आणि भरून जातात. सुमन विहिरीवर होती म्हणून बरं. हे म्हणाले, आई, असं बोलू नये. पण खोटं आहे असं नाही म्हणाले.
मीही तसं म्हटलं नाही. किल्ली माझ्याकडे खरी, पण दुपारी पिंट्याला घेऊन आडवी होते तेव्हा ती खुंटीला असते. हे मनात आलं. येऊ नये वाटलं तरी आलं.
सुमन पाणी घेऊन आली तेव्हा मी उगाच तिची कळशी उतरवून घेतली. ती म्हणाली, ताई, मला जमतंय की.

१० ऑगस्ट
वाईट दिवस.
कमळू पुन्हा आला होता, रात्र राहिला, सकाळी निघाला. पिशवी पुन्हा टम्म. सा.बा. परसातून दोन काकड्या घेऊन आल्या, "तुज्या आयशीला दे," म्हणाल्या आणि काकड्या ठेवायच्या निमित्तानं पिशवीत हात घातला. कोपरापर्यंत. तळ चाचपला.
आत त्याचा ओला सदरा, लोणच्याची रिकामी बरणी आणि सुमनची जुनी लुगडी. तिची आई बाळासाठी गोधडी शिवतेय, त्याला द्यायची होती. मागच्या खेपेलाही तीच दिली असणार. तांदळाचा दाणा नाही.
कमळूला काही कळलं नाही, काकड्यांबद्दल बरं वाटलं त्याला. पण सुमन दारात उभी होती. तिनं सा.बां.चा हात आत जाताना बघितला आणि बाहेर येतानाही. भाऊ वळणाआड होईपर्यंत थांबली, मग कळशी घेऊन विहिरीवर गेली. कळशी भरलेलीच होती.
सा.बा. दिवसभर गोठ्यात. चोरी नाही म्हणून मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

११ ऑगस्ट
भावजी जेवताना म्हणाले, "वैनी, आमची चूल येगळी मांडा." आईकडे बघून नाही, माझ्याकडे बघून. सा.बा. समोरच बसलेल्या. हात ताटात तसाच.
मी म्हटलं, सणाच्या तोंडावर घर फोडू नका, गौरी जाऊ द्या. भावजी बरं म्हणाले. माझा शब्द मोडत नाहीत कधी. सुमन खाली बघून भात कालवत होती. खाल्ला नाही.
कोठीकडे मी आज गेलेच नाही. पोरीवर आळ येऊन गेला आणि तांदूळ कमी होतोय तो होतोच आहे.

१७ ऑगस्ट
आज जे बघितलं ते नीट लिहून ठेवते.
संध्याकाळी वीज गेली. मी मापट्यानं तांदूळ काढून सुपात ठेवला आणि मागच्या भिंतीला टेकून पिंट्याला पाजायला बसले. पुढे चुलीचा उजेड, मी अंधारात, त्यामुळे कुणाचं माझ्याकडे लक्ष नाही.
सा.बा. आल्या. सूप पुढे ओढून बोटांनी चाचपत खडे काढले. डोळ्यांना दिसत नाही तरी निवडायचं सोडत नाहीत. मग उठल्या, कोठी उघडीच होती, एक मूठ तांदूळ घेतला, कपाळाला लावला, सुपात टाकला. गेल्या.
सुमन आली. तांदूळ पातेल्यात ओतला, धुतला, चुलीवर आधण बघितलं. मग कोठीकडे गेली, मूठ भरली, कपाळाला लावली.
आणि मी? मी मापट्यानं मोजून झालं की एक मूठ वर टाकतेच. ती मी मोजतच नाही. आल्यागेल्याची मूठ. दारात अवचित कुणी आलं तर त्याचा घास. माझ्या आईनं शिकवलेलं, आणि बजावलेलं की ही मूठ बोलायची नसते. बोललं की तिचं पुण्य जातं.
तीन बायका, तीन मुठी. दोन्ही वेळा. कोठी भरली तेव्हापासून रोज.
मी पुण्याचा विचार केला नाही. म्हटलं, "सुमन, थांब. ती मूठ कशाची?"
ती दचकली. मूठ मिटलेली, टाकता येईना आणि ठेवताही येईना. म्हणाली, "आईनं सांगितलंय. घाटातून उतरलेला माणूस अंधारात दारात आला तर त्याला काय घालायचं म्हणून." आणि रडायलाच लागली. तिला वाटलं, आता हिनं धरलं.
आवाज ऐकून सा.बा. आल्या. मी त्यांनाही विचारलं, आई, मघाशी तुम्ही टाकलीत ती? त्या चिडल्या. "बोललीस ना? चाळीस वर्सं मी बोलले नाय." मग मी माझीही सांगितली.
सा.बा. पाटावर बसल्या. रोज पहाटे पातेल्यात जो भात उरलेला दिसायचा तो आपल्या मुठीचा, असं त्यांना वाटायचं. आल्यागेल्याचा घास शिळा करून माणसाला वाढत नाहीत, म्हणून आम्ही उठायच्या आत त्या तो म्हशीला घालायच्या. मला वाटायचं माझी मूठ पोरांच्या पोटात गेली. सुमनला वाटायचं तिची कमळूच्या. आणि म्हैस पावसातसुद्धा अशी तुकतुकीत कशी, हे सगळं गाव विचारत होतं.
मला हसू फुटलं. आवरेना. पिंट्या दूध सोडून बघायला लागला. सुमन रडता रडता हसली आणि सा.बा. पदर तोंडाला लावून हलत होत्या.
चोर घरात नाही. उंदीर नाही, पोरगी नाही, कुणी नाही. छातीवरचा धोंडा उतरला.

१८ ऑगस्ट
हे म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणणारच होते, वाट बघत होते.
आता उमगतंय, दरवर्षी गौरीच्या तोंडावर शेजारी पायली घेऊन का पळायला लागायचं ते. तेव्हा मुठी दोन होत्या, सा.बां.ची आणि माझी. किल्लीही त्यांच्याच कमरेला. हे मी त्यांना म्हटलं नाही. आजपुरतं पुरे.
ठरलं असं: जी पातेलं चुलीवर चढवेल तिनंच मूठ टाकायची. बाकीच्यांनी हात आवरायचा. सा.बां.ना जड जातंय. आज सूप हातात घेऊन कोठीपर्यंत गेल्या आणि परत आल्या.
दुपारी त्यांनी सुमनला पुढ्यात बसवून डोक्याला तेल घातलं. बराच वेळ. सुमन बसली, मान वाकवून. त्या पिशवीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, तीही बोलली नाही. मला वाटलं मिटलं.

१२ सप्टेंबर
काल गौरी गेल्या. कोठीच्या तळाशी अजून तांदूळ आहे. लवकर येणाऱ्या हळव्या भाताची कापणी होईपर्यंत निघेल, कुणाच्या दारी जायला नको. कुळीथ संपला, तो काय मिळेल. मिरच्या उरल्या. ह्या घरात मिरच्या उरल्या हे कुणाला खरं वाटायचं नाही.
सा.बां.नी कोठीत वाकून हात फिरवला. किल्ली परत मागितली नाही. एवढंच. पण मला इतकं बरं वाटलं की मी गोठ्यामागे जाऊन जरा रडून घेतलं.
संध्याकाळी भावजींना विचारलं, आता चुलीचं काय? म्हटलं, पुरला की तांदूळ. ते विळ्याला धार लावत होते.
"पुरला त्ये बरंच झालं, वैनी. पण मी तांदलासाठी बोललो नव्हतो."
मी आत जाऊन रात्रीचा तांदूळ काढला.

५ ऑक्टोबर
सुमन बाळंतपणाला माहेरी गेली. कमळू न्यायला आला होता. सा.बा. सकाळपासून लगबगीत, डिंक, खोबरं, जुनं मऊ लुगडं, वर पायलीभर तांदूळ बांधला. पिशवी घेऊन बसल्या भरायला. सुमन आली आणि शांतपणे म्हणाली, "आई, पिशवी मीच भरते."
सा.बां.नी हात काढला. सुमननं सगळं आत ठेवलं, तांदूळसुद्धा. काही नाकारलं नाही. पाया पडली. गेली.
सा.बा. तिथेच बसून राहिल्या. मी चहा दिला. त्या म्हणाल्या, माजा हात तुटून पडला असता तर बरं. मी म्हटलं, आई, असं बोलू नये. सांत्वन मला जमत नाही. त्यांच्याजवळ बसले, मेथी निवडायला घेतली, अर्धी त्यांच्यापुढे सरकवली.
घर मोकळं वाटतंय. स्वयंपाक लवकर होतो आणि ते आवडत नाही.

२१ नोव्हेंबर
मुलगी. दोघी सुखरूप. कमळू सांगायला आला, अडली होती म्हणे, मग सुटली. मी देवापुढे दिवा लावायच्या आधी जमिनीवरच बसले. गेले आठ दिवस काय काय मनात येत होतं ते लिहिलं नव्हतं, लिहिणारही नाही.
सा.बां.नी गावभर साखर वाटली. मुलगी झाली तरी साखर का, असं एकीनं विचारलं. तिला जे ऐकायला मिळालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

४ डिसेंबर
बारशाला वैशाखऱ्याला जाऊन आलो, मी, सा.बा. आणि मनी. बाळ काळंसावळं, डोकं भरून केस, कपाळ अगदी भावजींचं. नाव शेवंती.
सा.बां.ना विहीणबाईंनी पाट दिला, त्या पाटावर बसल्याच नाहीत. परसात जाऊन बाळाची दुपटी धुतली, वाळत घातली. सगळे नको नको म्हणत होते. सुमन आतून बघत होती.
मग त्या तिच्या उशाशी गेल्या. मी बाजूलाच होते. म्हणाल्या, "त्या दिशी मी पिशवीत हात घातला. माजं चुकलं, गो." एवढंच. ह्या बाईच्या तोंडून हे शब्द मी लग्न झाल्यापासून ऐकले नव्हते. सुमननं बाळ उचलून त्यांच्या मांडीवर दिलं.
निघताना मी न राहवून विचारलंच. येशील ना गो आपल्याच चुलीवर?
"घरी तर येनारच, ताई. राग गेला माजा. पन कुठं बसून शिजवायचं त्ये मला ठरवू दे. आजवर कुनी इचारलं नाय मला."
एस.टी.त सा.बा. झोपल्या, माझ्या खांद्यावर डोकं टाकून. मला कितीतरी महिन्यांनी निवांत वाटलं. का, ते सांगता यायचं नाही. ठरलेलं तर काहीच नाही.

१६ डिसेंबर
कापणी-झोडणी उरकली, भावजींनी परसात खोली काढलीय. बाळंतीण आणि बाळाला जागा हवीच, तीन पोरांच्या गोंगाटात कुठे निजणार? भिंती खांद्यापर्यंत आल्या. आज गवंडी चहा पिताना म्हणाला, वैनी, चुलीचा धूर जायला भोक कुठं ठेवू? का ठेवायचंच नाय?
भावजींकडे बघितलं. ते सा.बां.कडे. सा.बा. म्हणाल्या, मला नका विचारू, मी पुन्हा कुणाच्या वाट्यात हात घालायची नाय.
म्हणजे मीच. मनात होतं, बुजव म्हणावं, आमची चूल एकच आहे. ओठांवर आलं होतं. वैशाखऱ्याला बघितलेली सुमन आठवली, खाली न बघता बोलणारी.
गवंड्याला म्हटलं, भोक ठेव आणि त्यात विटा नुसत्या रचून दे. सिमेंट लावू नको.
तो म्हणाला, असलं अर्धवट काम मी करत नाय. ठेवायचं तर ठेवा, बुजवायचं तर बुजवा.
मी म्हटलं, जिची खोली आहे ती संक्रांतीनंतर येतेय. तिला विचार.